लिटर वेगळे, फॅट वेगळी

निकाल लागले की या सदराचं टपाल वाढतं. यंदा कॉलेजच्या क्रेडिटबद्दल इतकी पत्रं आली की भाडेकरू आणि भावकीच्या वाटण्यांचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. त्यांनी रागावू नये. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ३४ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली १४ वर्षं टाइमटेबल केलं. टाइमटेबल करणाऱ्या माणसाला कॉलेजात मित्र नसतात, पण तासांचा हिशोब मात्र पाठ असतो. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. निकाल लागला. २२ पैकी २२ क्रेडिट. मी दूध संस्थेच्या कट्ट्यावर अर्धा किलो पेढे वाटले. संध्याकाळी कळलं, शेजारच्या पोरालाबी २२ पैकी २२. मुलगी म्हणते, पास झालेल्या सगळ्यांना २२च असतात. मग हे मार्क नव्हंत तर काय आहे? – एक दूध उत्पादक, करवीर तालुका

दादा, पेढे वाया गेले नाहीत. पोरगी सगळ्या विषयांत पास झाली, हे त्या २२ चा अर्थ. पण मार्क म्हणाल तर ते दुसऱ्या रकान्यात आहेत. तुम्ही रोज दोन वेळा संस्थेत दूध घालता, म्हणजे हे तुम्हाला कितीतरी प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल. क्रेडिट म्हणजे लिटर. ग्रेड म्हणजे फॅट.

समजा सकाळी ४ लिटर घातलं, फॅट ७.० लागली. संध्याकाळी २ लिटर, फॅट ६.४. दिवसाची सरासरी काढताना तुम्ही ७ आणि ६.४ मिळवून दोनानं भागत नाही. तसं केलं तर ६.७ येईल आणि सचिव हसेल. ४ सत्ते २८, आणि ६.४ ची दुप्पट १२.८. मिळून ४०.८. भागिले ६ लिटर, म्हणजे ६.८. सकाळचं दूध जास्त होतं, म्हणून सरासरी सकाळच्या बाजूला सरकली.

गुणपत्रिकेवरचा एसजीपीए, म्हणजे सत्राची ग्रेडची सरासरी, नेमका असाच काढतात. ग्रेडला आकडे ठरलेले आहेत : ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४. नापास म्हणजे शून्य. समजा मुलीला रसायनाच्या ४ क्रेडिटच्या पेपरात ए प्लस आहे, २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ओ आणि २ क्रेडिटच्या इंग्रजीत बी. मग ३६ अधिक २० अधिक १२, म्हणजे ६८. भागिले ८ क्रेडिट. उत्तर ८.५. शेजारच्या पोराचे लिटर तेवढेच असतील, फॅट कमी-जास्त असेल. फॅट फारच कमी लागली की संस्था दूध परत पाठवते ना? इथंही पीच्या खाली गेलं की त्या विषयाचं क्रेडिट खात्यावर चढत नाही. ग्रेड काठावरची असो की पहिल्या नंबरची, क्रेडिट पूर्णच मिळतं. म्हणून २२ सगळ्यांचे सारखे.

मुलीला एक सांगा. ४ क्रेडिटच्या पेपरात एक ग्रेड वर चढली तर सरासरी जेवढी हलते, त्याच्या निम्मीच २ क्रेडिटच्या पेपरानं हलते. पोरं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोप्या, छोट्या विषयाला बिलगून बसतात आणि मोठा पेपर ‘बघू’ म्हणून ठेवतात. हे मी ३४ वर्षं बघितलंय.

प्रश्न : थिअरीचे आठवड्याला दोन तास, त्याला २ क्रेडिट. प्रॅक्टिकलचे आठवड्याला चार तास, त्यालाही २च. आम्ही चार तास उभं राहून काम करतो. मग आमचे दोन तास गेले कुठं? – बी.एस्सी. भाग दोन, कागल

बाळा, तुझे दोन तास कुणी चोरले नाहीत. नियमच तसा आहे. सत्र १५ आठवड्यांचं धरतात. आठवड्याला एक तास लेक्चर, असे १५ तास झाले की १ क्रेडिट. प्रॅक्टिकलला आठवड्याला दोन तास, म्हणजे १ क्रेडिटला ३० तास. प्रोजेक्ट, फिल्डवर्क, इंटर्नशिप यांनाही ३०.

यामागचा हिशोब असा. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याच्या शिकण्याचे ३० तास. वर्गात बसलेले, लॅबमध्ये घालवलेले, घरी वाचलेले, सगळे धरून. वर्षाचे १२०० तास, म्हणून वर्षाला ४० क्रेडिट. लेक्चरला तू १५ तास वर्गात बसतोस, उरलेले १५ तास घरी वाचतोस, असं गृहीत धरलंय. प्रॅक्टिकलचं जे काय शिकायचं ते लॅबमध्येच शिकून होतं, घरी काही उरत नाही, म्हणून ३० च्या ३० तास तिथंच.

हा हिशोब करणाऱ्यानं प्रॅक्टिकलचं जर्नल (प्रयोगवही) लिहिलेलं नसावं. टायट्रेशनची तीन सारखी रीडिंग येईपर्यंत घड्याळ संपतं. मग आकडेमोड, आकृती, जर्नल, तोंडीची तयारी हे सगळं घरी. आमच्या काळी क्षार परीक्षणाला किप्सच्या उपकरणातला, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू वापरायचे. संध्याकाळी केएमटीच्या बसमध्ये बसलं की शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची. त्या वासाचं क्रेडिट कुणी दिलं नाही. मला विचारशील तर प्रॅक्टिकलला निम्मं धरणं हा अन्याय आहे. मात्र तो आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तीन तासांच्या लॅबलाही एकच क्रेडिट देतात.

आता आतली गोष्ट. आमच्याकडं वर्षानुवर्षं ‘तास’ ६० मिनिटांचा नव्हताच, तो ४८ मिनिटांचा होता. शिक्षकाचा आठवड्याचा भार १६ घड्याळी तासांचा, म्हणजे ९६० मिनिटं. ४८ नं भागलं की बरोबर २० तासिका. सगळं टाइमटेबल या २० वर उभं होतं. प्रॅक्टिकल चार तासिकांचं, म्हणजे तीन तास बारा मिनिटं. मग क्रेडिट आलं, ते घड्याळी तासावर चालणारं. ४ क्रेडिटच्या विषयाला ४ तासिका लावल्या की आठवड्याला ४८ मिनिटं कमी पडायची. ५ लावल्या की बरोबर २४० मिनिटं, पण पाचवी तासिका बसवायला खोली नसायची. मी त्या उन्हाळ्यात खोडरबरची दोन पाकिटं संपवली.

आणि क्रेडिट ठरवताना आधी विषय बघतात आणि मग तास देतात, असं वाटत असेल तर तेही सोड. क्रेडिट ठरतं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात, पुढं विद्या परिषद त्यावर शिक्का मारते. पण मंडळाच्या टेबलावर कागद येतो तोच मुळी भरलेल्या बेरजेचा. सत्राला एकूण २० ते २२. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), कौशल्याचा कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सगळ्यांचं पान वाढायचं. मग २ क्रेडिटचा पेपर म्हटला की दोन युनिट, प्रत्येकी १५ तास. थर्मोडायनॅमिक्सला २१ तास लागतात आणि फेज रूलला ९ पुरतात, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी कागदावर १५ आणि १५. मीही त्यावर सही केली आहे.

तुझ्यापुरता उपाय सांगते. आम्ही आमच्या लॅबमध्ये चार तासांतला शेवटचा पाऊण तास जर्नललाच ठेवला होता. एखादा प्रयोग कमी झाला, पण घरी न्यायचं काही उरलं नाही. चार-पाच जण मिळून सरांना विचारा. न रागावता विचारलं तर बहुतेक सर ऐकतात.

प्रश्न : पहिलं वर्ष पूर्ण केलं, सगळे विषय सुटले होते. नंतर लग्न झालं, कॉलेज सुटलं. आता मुलगा बालवाडीत जातो. माझे क्रेडिट अजून आहेत का? – एक वाचक, गारगोटी

तू नव्या रचनेत शिकली असशील तर आहेत. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं, सुरू आहे. त्यात जमा झालेलं क्रेडिट साधारण सात वर्षं टिकतं. आधी डिजिलॉकरवर तुझं खातं उघडून जमा दिसते का ते बघ. जमा दिसत नसेल तर घाबरू नकोस, पण पहिल्या कॉलेजच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर ही कामं होत नाहीत.

माझ्याकडं आलेल्या मुलींची गाडी हमखास एका जागी अडते. क्रेडिट माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर. विवाह नोंदणीचा दाखला आणि जुनी गुणपत्रिका घेऊन जा, आणि पुढच्या प्रवेशाला कुठलं नाव लावायचं ते आधीच ठरव. पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला की एका वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं, तीही सोय आहे. पण तुला पदवी हवी असेल तर त्यात अडकू नकोस, सरळ दुसऱ्या वर्षाला जा. पदवीला तीन वर्षांची किमान १२० लागतात. बालवाडी सकाळची असते ना? मग सकाळचं कॉलेज बघ.

प्रश्न : बी.कॉम.ला ४ क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग आहे. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात करायचं ठरवलं. मालक ओळखीचे आहेत, म्हणाले, “यायची काय गरज न्हाई, सही-शिक्का देतो.” घ्यावा का? – बी.कॉम., कोल्हापूर

नको. आणि हे नीतीचं म्हणून सांगत नाही, तोट्याचं म्हणून सांगते. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, ३० किलोचा असतो आणि क्रेडिट ३० तासांचं. तुला चार रवे उचलायचे आहेत, एवढंच. सकाळी सौदे निघतात तेव्हा जा. रंग आणि कणी बघून व्यापारी भाव कसा बोलतो, तोलाई, हमाली, अडत कुठल्या रकान्यात जाते, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, कशी निघते, हे तुला कॉलेजात कुणी शिकवणार नाही, कारण शिकवणाऱ्यांतल्या बहुतेकांनी गुळाची पट्टी बघितलेली नाही. रोज चार तास धरले तर ३० दिवस. तारीख, वेळ आणि त्या दिवशी काय केलं, एवढं एका वहीत लिही. तोंडी परीक्षेत ‘पट्टी म्हणजे काय’ विचारलं तर कोऱ्या शिक्क्यानं उत्तर देता येणार नाही.

प्रश्न : भाची पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं म्हणते. तिथं वर्षाला ६० क्रेडिट असतात म्हणे, आपल्याकडं ४०-४४. म्हणजे आपलं शिक्षण कमी का? आणि हे क्रेडिटचं खूळ मुळात काढलं कुणी? – निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : माप वेगळं आहे. युरोपात १ क्रेडिट २५ ते ३० तासांचं धरतात, वर्षाला ६०. म्हणजे १५०० ते १८०० तास. अमेरिकेत वर्गातला एक तास आणि त्याला घरचे दोन, असे १५ आठवडे, म्हणजे ४५ तासांचं एक क्रेडिट. वर्षाला साधारण ३०. त्यांची पदवी १२० ची, चार वर्षांत. आपलीही १२० ची, तीन वर्षांत. आकडा सारखा म्हणून माल सारखा असं समजू नका. तुम्ही बँकेत होता, डॉलर आणि रुपया दोन्ही शंभरच आहेत म्हणून कुणी अदलाबदल केली नसेल. भाचीनं घरी बसून गुणाकार करू नये. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, त्यावर छापलेले तास आणि क्रेडिट, असा गठ्ठा विद्यापीठाकडून शिक्का मारून घ्यावा. तिकडचे लोक तो वाचून ठरवतात.

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर तुमच्या-माझ्या जिव्हाळ्याचं आहे. क्रेडिटचा जन्म पेन्शनमधून झाला.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा कारखानदार होता. कॉलेजच्या मास्तरांना म्हातारपणी हाल काढावे लागतात हे बघून त्यानं १९०५ मध्ये एक कोटी डॉलर दिले. फुकट पेन्शन, मास्तरच्या पगारातून कपात नाही. पण पैसे वाटायचे म्हटल्यावर प्रश्न आला, कॉलेज म्हणायचं कुणाला? त्या काळी तिथं कुणीही पाटी लावून कॉलेज काढायचं, आणि काही कॉलेजं हायस्कूलपेक्षाही कच्ची होती. मग ते पैसे सांभाळणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानानं अट घातली. प्रवेशाला हायस्कूलचे १४ ‘युनिट’ मागणारं तेच कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. त्याला कार्नेगी युनिट असं नावच पडलं.

पेन्शन म्हटल्यावर कोण मागं राहतंय? कॉलेजांनी भराभर युनिटं मागायला सुरुवात केली, हायस्कुलांनी टाइमटेबल बदलली, आणि कॉलेजं स्वतःचे विषयही तासांत मोजू लागली. १९१० मध्ये मॉरिस कुक नावाच्या एका इंजिनिअरनं, कारखान्यांचा कारभार तपासावा तसा, कॉलेजांचा खर्च तपासून ‘विद्यार्थी-तास’ मोजायला सांगितलं. एक शिक्षक, एक तास, इतके विद्यार्थी, इतका खर्च. इकडं फुकट पेन्शनचा पैसा पुरेना. १९१८ मध्ये शिक्षकांच्या वर्गणीवर चालणारी विमा कंपनी काढावी लागली. फुकटची पेन्शन संपली, तासांची मोजणी राहिली. २०१५ मध्ये त्याच कार्नेगी प्रतिष्ठानानं अहवाल काढून कबूल केलं की हे माप विद्यार्थी किती शिकला हे मोजण्यासाठी कधी नव्हतंच.

आमच्याकडं १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांना जुनी पेन्शन नाही. ते आता दिवसभर क्रेडिटचे तास मोजतात. मला पेन्शन आहे, म्हणून हे मी जरा हळू आवाजात सांगते.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी आली, पूर आला, परीक्षा आली, तर माझा तास बुडतो आणि पैसेही. विद्यार्थ्यांचं क्रेडिट मात्र पूर्ण छापून येतं. बुडालेला तास माझ्यासाठी नाही, तर त्यांच्यासाठी कुठून आला? मॅडम, तुम्ही टाइमटेबल करायचात. १५ आठवडे खरंच भरायचे का? – एक तरुण प्राध्यापक, इचलकरंजी

सर, नाही भरायचे.

माझ्या टाइमटेबलच्या वह्या मी टाकलेल्या नाहीत. तुमचं पत्र आल्यावर २०१९ च्या पहिल्या सत्राची काढली. १५ आठवड्यांचे १५ रकाने आखलेले आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा वाढली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. चिखली-आंबेवाडीची पोरं नावेतून बाहेर निघाली ती नातेवाइकांकडं, नाहीतर निवारा केंद्रात. कॉलेज उघडलं तरी त्यांची पुस्तकं चिखलात. दोन रकाने तिथं गेले. मग गणपती. मग क्रीडा स्पर्धा. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक, निम्मा स्टाफ ड्युटीवर. रविवारी जादा तास लावले, त्याला शहरातली पोरं आली, पूरग्रस्त गावातली आली नाहीत. गुण्यागोविंदानं शिकवलेले आठवडे मोजले तर ११ आणि वर दोन दिवस.

गुणपत्रिकेवर सगळ्यांचं क्रेडिट पूर्ण आलं आणि मी त्याच्या बाजूचीच होते. पुरात घर गेलेल्या पोराचं क्रेडिट कापा, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? पण तुमच्यासारखे जे चार जण आमच्याकडं तासावर होते, त्यांचं बिल मात्र ११ आठवड्यांचंच गेलं. तेही मीच तपासून सही करून पाठवलं, कारण हजेरीच्या रजिस्टरवर तेवढेच तास होते. एकाच वहीतून दोन हिशोब निघाले आणि मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. तुमचं पत्र येईपर्यंत दिसलं नव्हतं, असंच म्हणते.

तुम्ही एवढं करा. बुडालेला प्रत्येक तास, त्याची तारीख आणि कारण लिहून ठेवा, आणि जादा तास घ्यायला सांगितलं तर ते लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेले जादा तास बिलात येत नाहीत, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगते आहे.